वाजीकरणाआधी रोगीपरीक्षा

अष्टांग आयुर्वेदातील आठवे अंग म्हणजे वाजीकरण. इतर सात अंगांत रुग्ण वैद्याकडे येतो, वैद्य त्याची परीक्षा करतो, व्याधीचा विनिश्चय होतो आणि त्यानंतरच औषधाची योजना होते. ज्वराच्या अथवा संग्रहणीच्या रुग्णाला न पाहता औषध द्यावे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनातही येणार नाही. वाजीकरणाच्या बाबतीत मात्र हा क्रम आपल्या डोळ्यांदेखत उलटा झाला आहे. येथे औषध आधी विकले जाते. व्याधी कोणती याचा विचार झालाच तर नंतर होतो. आणि रुग्णाची परीक्षा बहुधा होतच नाही.

औषधालयाचे मालक असलेल्या आपल्या सभासदांना हा प्रसंग नवा नाही. दुकानातील गर्दी ओसरली की चाळिशी-पन्नाशीचे एखादे गृहस्थ येतात. आधी खोकल्याच्या वड्या किंवा दंतमंजन मागतात. मग इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात विचारतात, "ताकदीचं काही आहे का?" दुकानदारही समजून घेतो, एखादी डबी कागदात गुंडाळून देतो आणि व्यवहार मिटभर वेळात संपतो. दोघांनाही सुटल्यासारखे वाटते. परंतु त्या गृहस्थांची रक्तशर्करा किती आहे, रक्तदाब किती आहे, जिना चढताना छाती भरून येते काय, हे कोणीही विचारलेले नसते.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे. शिश्नाला पुरेसा ताठरपणा न येणे किंवा तो न टिकणे हे अनेकदा दुसऱ्या व्याधीचे लक्षण असते, आणि पुष्कळ वेळा ते त्या व्याधीचे पहिले लक्षण असते. असा रुग्ण वैद्यासमोर येणे ही त्याच्या आयुष्यातील फार मोलाची संधी होय. डबी देऊन त्याची बोळवण केली, तर ती संधी त्याच्या हातून जाते आणि आपल्याही.

शब्दांचा घोळ

या तक्रारीला समाजात 'गुप्तरोग' म्हणण्याची रीत आहे. गुप्तरोग, नपुंसकता, मर्दानगी, कमजोरी असे सारे शब्द एकाच गाठोड्यात बांधलेले आढळतात. शीघ्रपतन, शुक्राणूंची अल्पता, कामेच्छा मंदावणे, स्वप्नावस्था आणि उत्थान न होणे या निरनिराळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी, चिकित्साही वेगळी. तरीही रुग्ण 'कमजोरी' म्हणतो आणि आपणही तोच शब्द केसपेपरवर उतरवतो. शुक्राणू उत्तम असलेल्या पुरुषाला उत्थानदोष असू शकतो आणि उत्थान उत्तम असलेल्या पुरुषाला अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते, हे साधे सत्य कित्येक सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक नसते. त्यापायी अपत्य नसलेल्या घरात सुनेच्या तपासण्यांवर तपासण्या होतात, उपासतापास होतात आणि मुलाला वैद्यापुढे आणण्याचे कोणी नावही काढीत नाही.

आधुनिक वैद्यकातही हा घोळ होता. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञ परिषदेने 'इम्पोटन्स' हा हिणवणारा व संदिग्ध शब्द टाळून 'इरेक्टाइल डिसफंक्शन' हा शब्द सुचविला. समाधानकारक समागमासाठी पुरेसा ताठरपणा येण्यास किंवा तो टिकण्यास असमर्थता, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत याला काही जण 'स्तंभनदोष' म्हणतात. परंतु आपल्या शास्त्रात शुक्रस्तंभन हा स्वतंत्र विषय असल्याने प्रस्तुत लेखात 'उत्थानदोष' हा शब्द योजला आहे. एखाद्या दिवशी, थकव्यामुळे, जागरणामुळे वा मद्यपानानंतर असे होणे हा रोग नव्हे. तक्रार काही महिने टिकून राहिली, तर तिचा विचार करावा लागतो.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे चार प्रकार सांगितले आहेत: बीजोपघातज, ध्वजोपघातज, जरासंभव आणि शुक्रक्षयज. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सहा प्रकार मानले असून त्यांत मानस क्लैब्याला आरंभीच स्थान दिले आहे, आणि सहज व मर्मच्छेदजन्य क्लैब्य असाध्य म्हणून स्पष्टपणे वेगळे काढले आहे. चार काय किंवा सहा काय, या भेदांचा हेतू पाठांतर हा नव्हे. कारणे भिन्न आहेत, साध्यासाध्यता भिन्न आहे, म्हणून चिकित्साही भिन्न असली पाहिजे, हा तो हेतू. वाजीकरण योगांच्या उपयोगापूर्वी शरीराची शुद्धी व्हावी, स्रोतसे निर्मळ असावीत, हाही आचार्यांचा आग्रह आहे. ज्याचे मेदोवह आणि रक्तवह स्रोतस दुष्ट आहे, अग्नी मंद आहे, ज्याला प्रमेह जडला आहे, त्याला दुधातून वृष्य पाक देत राहणे कोणत्या सूत्रात बसते? गुरू, स्निग्ध, मधुर द्रव्यांनी त्याचा प्रमेह वाढेल, आणि प्रमेहाने मूळ तक्रार वाढेल.

तेव्हा सर्वांना एकच डबी देण्याची पद्धत शास्त्रसंमत आहे, असे म्हणता येत नाही. तिच्यावर लेबल आयुर्वेदाचे असले तरी विचार आयुर्वेदाचा नाही.

लक्षण कशाचे?

उत्थान ही मुख्यतः रक्तवाहिन्यांची क्रिया आहे. मन, मेंदू, मज्जारज्जू, नाड्या आणि अंतःस्रावी ग्रंथी यांचे आदेश योग्य मिळाले की शिश्नातील धमन्यांच्या अंतःस्तरातून व नाड्यांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, स्नायू सैलावतात, रक्ताचा प्रवाह वाढतो आणि ते रक्त तेथेच काही काळ धरले जाते. या नायट्रिक ऑक्साइडच्या रक्तवाहिन्यांतील कार्याच्या शोधासाठीच १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना देण्यात आले. मधुमेह, उच्च रक्तदाब, मेदवृद्धी, तंबाखू व धूम्रपान यांमुळे हा अंतःस्तर सर्व शरीरभर बिघडतो.

शिश्नातील धमन्यांचा व्यास सुमारे १ ते २ मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमन्यांचा सुमारे ३ ते ४ मिलिमीटर. चिंचोळ्या पाइपातील पाणी आधी अडते, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. धमनीकाठिण्याचा उपद्रव म्हणूनच पुष्कळदा आधी उत्थानदोषाच्या रूपाने दिसतो आणि छातीतील वेदना त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी येते. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ वर्षे व त्यावरील वयाच्या हजारो पुरुषांचे अनेक वर्षे निरीक्षण करण्यात आले. ज्यांना नव्याने उत्थानदोष सुरू झाला, त्यांच्यात पुढे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळला. धूम्रपानामुळे किंवा कुटुंबातील हृदयविकारामुळे धोका जितका वाढतो, त्याच तोडीचा हा धोका आहे.

तक्रार विरळ आहे असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४० ते ७० वयोगटातील ५२ टक्के पुरुषांना सौम्य ते तीव्र अशा कोणत्या ना कोणत्या प्रमाणात ती होती. आपल्या देशाविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे रुग्ण आढळले. यांतील कित्येकांना आपल्याला व्याधी आहे हे ठाऊकही नसते. ते वैद्याकडे कशासाठी येतील? साखर वाढल्याने काही दुखत नाही, रक्तदाबही बोलत नाही. पण 'ही' तक्रार त्यांना बोचते. ती त्यांना औषधालयाच्या दारापर्यंत आणते.

कारणांची यादी येथेच संपत नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड वर्गातील मूत्रल औषधे, काही बीटा ब्लॉकर, नैराश्यावरील बरीच औषधे, केस गळू नयेत म्हणून घेतले जाणारे फिनास्टेराइड यांनीही ही तक्रार उद्भवू शकते. अशा रुग्णाचे चालू औषध आपण परस्पर बंद करू नये. ज्यांनी ते लिहून दिले त्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवावी. थायरॉइडचे विकार, टेस्टोस्टेरॉनची कमतरता, प्रोलॅक्टिनची वाढ, मज्जारज्जूचा वा श्रोणिभागाचा आघात, पौरुषग्रंथीवरील शस्त्रक्रिया, दीर्घकाळचे मद्यपान हीदेखील कारणे होत.

दोन रुग्ण

दोन उदाहरणे देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिले गृहस्थ ४७ वर्षांचे, शेती अवजारांच्या सुट्या भागांचे दुकान असलेले. अम्लपित्तासाठी आले. औषध लिहून झाल्यावर उठता उठता त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. चौदा महिने निरनिराळी चूर्णे व कॅप्सूल घेऊन झाले होते. पहाटेचे उत्थानही बंद झाले होते, तक्रार हळूहळू वाढत गेली होती. रक्तदाब १६०/१००, उपाशीपोटीची शर्करा २१४. "जिना चढताना दम लागतो का?" असे विचारल्यावर म्हणाले, "लागतो, पण वजन वाढलंय ना." त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. हृदयाच्या एका मुख्य धमनीत मोठा अवरोध निघाला आणि वेळीच उपचार झाले. पुढे पथ्य, चालणे, मधुमेहाची चिकित्सा आणि सोबत आपली औषधे यांनी मूळ तक्रारही काही अंशी कमी झाली. पूर्णपणे गेली नाही, आणि ते त्यांना आधीच सांगितले होते. एकदा ते म्हणाले, "डॉक्टर, लाजत होतो एका गोष्टीला आणि निघालं भलतंच." ते चौदा महिने त्यांनी ज्या ज्या काउंटरवर घालविले, त्यांपैकी एकाही ठिकाणी कोणी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला नव्हता.

दुसरा रुग्ण २८ वर्षांचा, लग्न होऊन पाच महिने झालेला. पहाटेचे उत्थान व्यवस्थित, एकांतात अडचण नाही, पत्नीजवळ गेले की भीतीने सारे ओसरते. तपासण्यांत काही दोष नाही. बोलता बोलता समजले की शाळेत असताना बसस्थानकाजवळ मिळालेले एक पत्रक त्याने वाचले होते. धातू गेल्याने शरीर पोखरले जाते आणि पुढे संसार होत नाही, असे त्यात छापले होते. बारा-तेरा वर्षे ते वाक्य त्याच्या मनात बसून होते. त्याला वाजीकरण योगाची गरज नव्हती. त्याच्याशी दोनदा सविस्तर बोलणे झाले. पत्नीशी आमच्या एका वैद्यभगिनी बोलल्या. काही दिवस समागमाचा आग्रहच सोडून द्यावा, असे दोघांना सांगितले. दोन महिन्यांत तक्रार उरली नाही.

या दोघांनीही दुकानात मागितले असते ते एकच: ताकदीचं काही.

भीतीचा व्यापार

दुसऱ्या रुग्णाची गोष्ट आपल्याला अधिक बोचली पाहिजे, कारण ते पत्रक 'आयुर्वेदिक' म्हणून छापलेले होते. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य भावांच्या गणनेत चरकाचार्यांनी वृष्य भावांत संकल्पाला आणि अवृष्य भावांत दौर्मनस्याला अग्रस्थान दिले आहे. मन खचणे यासारखे वृष्यत्वाला मारक दुसरे काही नाही, असे ज्या शास्त्राचे मत, त्याच शास्त्राच्या नावाने भिंती रंगवून तरुणांना घाबरविले जाते. आधी भीती विकायची आणि मग तिच्यावरचे औषध. धातू जाण्याच्या भयाने ग्रासलेल्या तरुणांच्या या अवस्थेला भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. वैद्यकाच्या जागतिक शब्दकोशात आपल्या भाषांतील शब्द गेल्याचा आनंद मानावा असा हा प्रसंग नव्हे.

महाराष्ट्राला या विषयावर शांतपणे बोलण्याची परंपरा नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ साली खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत असू वा नसू, प्रश्न विचारणाऱ्याला न हिणवता सरळ उत्तर देणे हे त्यांचे व्रत होते. वैद्याच्या तपासणीच्या खोलीत ते व्रत पाळण्यास आज कोणताही कायदा आड येत नाही.

उलट कायदा आड येतो तो भिंतींवरील जाहिरातींना. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या तिसऱ्या कलमानुसार कामसुखाची क्षमता टिकविण्याचा वा वाढविण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात निषिद्ध आहे, आणि त्या अधिनियमाच्या परिशिष्टात नपुंसकत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी अशा जाहिराती दिसतात, हे सांगण्यासाठी पुराव्याची गरज नाही, एस.टी.ने एकदा प्रवास केला की पुरे.

चूर्णातील चोर

काही 'शंभर टक्के आयुर्वेदिक' औषधे अर्ध्या तासात गुण देतात. वनस्पतींचा अनुभव असलेल्या वैद्याने अशा वेळी सावध व्हावे. कवचबीज, अश्वगंधा, गोक्षुर, शतावरी, मुसळी यांपैकी कोणतेही द्रव्य घटकाभरात असा परिणाम दाखवीत नाही. ज्यात तो दिसतो, त्यात सिल्डेनाफिल वा टाडालाफिल मिसळलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा शेकडो उत्पादनांत ही छुपी भेसळ आढळल्याचे वेळोवेळी जाहीर केले आहे.

सिल्डेनाफिलला मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयुक्त औषध आहे, हे मान्य करण्यात आपल्याला कमीपणा नाही. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट वर्गातील औषध, म्हणजे जिभेखाली ठेवण्याची गोळी अथवा आयसोसॉर्बाइड, घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून मृत्यू ओढवू शकतो. ज्याने विश्वासाने चूर्ण घेतले त्याला आपण काय घेतले हे ठाऊक नसते. रुग्णालयात धावाधाव करणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नसते, आणि छातीत दुखते म्हणून ते नेमके नायट्रेटच देण्याची शक्यता असते.

भेसळीचे टोक सिंगापूरने पाहिले. २००८ सालच्या पहिल्या पाच महिन्यांत तेथील सरकारी रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरल्याने दाखल झाले. सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले आणि त्यांतील चौघे दगावले. लैंगिक शक्तीसाठी बेकायदा विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत व वनौषधींच्या म्हणून दिलेल्या उत्पादनांत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध सापडले.

आपल्या स्वतःच्या योगांविषयीही जागरूक राहावे लागेल. अहिफेन, धत्तूर, कुचला, वत्सनाभ ही द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टातील आहेत. कामिनीविद्रावण रसासारख्या अहिफेनयुक्त कल्पाने तात्पुरते स्तंभन होते. उत्थानदोष बरा होत नाही, आणि सवय जडण्याचे भय राहते. अशा कल्पांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना छापलेली डबी विनाचिठ्ठी देणे म्हणजे ती सूचना पुसून टाकणेच होय.

काही आक्षेप

काही वैद्यमित्र म्हणतात, "तपासण्या सांगितल्या तर रुग्ण पुन्हा येत नाही. आधीच लाजत आलेला असतो." हा अनुभव खोटा नाही. पण रुग्ण तपासणीला लाजत नाही; तो हसण्याला, कुजबुजण्याला, मदतनिसासमोर विचारलेल्या प्रश्नाला लाजतो. दार लावून, नेहमीच्या आवाजात, अम्लपित्ताबद्दल विचारावे तसे विचारले तर तो बोलतो. "मधुमेहात, रक्तदाबात पुष्कळांना ही अडचण येते, तुम्हाला आहे का?" एवढ्या एका प्रश्नाने त्याचे निम्मे ओझे उतरते. प्रश्न आपण विचारला की उत्तर देणे त्याला सोपे जाते.

दुसरा आक्षेप, "रक्ताच्या तपासण्या हे आपले शास्त्र नव्हे." दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपलीच आहे. डोळ्यांना न दिसणारे दाखविणारे साधन हाती आले, तर दर्शनाची कक्षा वाढते. शास्त्र बाटत नाही. मूत्राकडे मुंग्या लागल्याचे पाहून प्रमेह ओळखणाऱ्यांचे आपण वारस आहोत. त्यांना ग्लुकोमीटर मिळाला असता तर त्यांनी तो बाजूला ठेवला असता काय?

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही. औषधालयाच्या उलाढालीत या डब्यांचा वाटा चांगला असतो. हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यावे. डबी घेणारे गिऱ्हाईक गुण न आल्यास दुसऱ्या दुकानात जाते. मधुमेह वा रक्तदाब ज्याच्या दारात ओळखला गेला, तो रुग्ण मात्र वर्षानुवर्षे त्याच दारात येतो आणि घरच्यांनाही घेऊन येतो. तोटा झालाच तर पहिल्या काही महिन्यांचा.

काय करता येईल

वैद्यांनी पुढील क्रम पाळावा असे सुचवितो. तक्रार नेमकी कोणती, केव्हापासून, एकाएकी की हळूहळू, पहाटेचे उत्थान आहे की नाही, चालू औषधे कोणती, व्यसने कोणती, झोप व मनःस्थिती कशी, पत्नीशी संबंध कसे, हे विचारावे. १९९९ साली प्रसिद्ध झालेली पाच प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली सोपी आहे. २५ पैकी २१ वा त्याहून कमी गुण आल्यास दोष आहे असे समजतात. रक्तदाब, नाडी, कंबरेचा घेर, वृषण व शिश्न यांची परीक्षा करावी. उपाशीपोटीची शर्करा, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि आवश्यकतेनुसार सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. दोन जिने भराभर चढून दम लागत असेल वा छातीत दाटत असेल, तर आधी हृदयाची तपासणी आणि मग बाकी सारे.

काही रुग्ण आपल्याकडे थांबवू नयेत. छातीत वेदना असलेला, कंबरेच्या दुखण्याबरोबर लघवीवरचा ताबा गेलेला, शिश्नाला नव्याने वक्रता आलेला, डोकेदुखी व दृष्टिदोषासह कामेच्छा गेलेला, आत्महत्येचे विचार बोलून दाखविणारा रुग्ण त्या त्या तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावा. चार तासांहून अधिक टिकलेला वेदनायुक्त ताठरपणा ही तातडीची अवस्था आहे. त्यावर लेप अथवा काढा देऊन वेळ दवडू नये.

निदान झाल्यावर आपल्या शास्त्राला भरपूर काम उरते. प्रमेहाची चिकित्सा, मेदोहर आहारविहार, व्यायाम, तंबाखू व मद्याचा त्याग, निद्रा, यथायोग्य शोधन, सत्त्वावजय आणि मग अवस्थेनुसार वृष्य द्रव्ये. या क्रमाने गेलेला वैद्य वाजीकरणाला खऱ्या अर्थाने न्याय देतो.

औषधालयाच्या मालकांसाठी तीन प्रश्न पुरेत. "छातीत दुखण्यासाठी जिभेखालची गोळी किंवा हृदयाचे दुसरे औषध चालू आहे का? साखर आणि रक्तदाब गेल्या सहा महिन्यांत तपासला आहे का? ही अडचण किती दिवसांची आहे?" पहिल्याचे उत्तर 'हो' आले, तर काहीही न देता डॉक्टरांकडे पाठवावे. दुसऱ्याचे 'नाही' आले, तर आधी तपासणी. आणि ज्या उत्पादनाचा निर्माता, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये लेबलावर नीट नाहीत, ते फळीवर ठेवूच नये.

संघटनेकडे दोन मागण्या आहेत. एक, वरील प्रश्नांचे मराठीतील छापील पत्रक तयार करून प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात व औषधालयात पोहोचवावे. दोन, या त्रैमासिकाने शक्तिवर्धक उत्पादनांच्या हमी देणाऱ्या जाहिराती स्वीकारू नयेत. जाहिरातींवर अंक निघतो याची मला जाणीव आहे, आणि संपादक मंडळाची अडचणही ठाऊक आहे. पण या पानावर रोगीपरीक्षेचा आग्रह धरायचा आणि मागल्या पानावर परीक्षेवाचून गुणाची हमी छापायची, हे वाचकांना पटणार नाही.

हे दोन्ही विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, अशी विनंती मी स्वतंत्र पत्राने करीत आहे. ज्या सभासदांना हे पटते त्यांनी त्यास अनुमोदन द्यावे. ज्यांना पटत नाही त्यांनी आपला प्रतिवाद याच पानांवर अवश्य लिहावा. दरम्यान, आज संध्याकाळी कोणी हलक्या आवाजात 'ताकदीचं काही' मागितले, तर त्यांना खुर्ची द्यावी आणि रक्तदाबाचे यंत्र जवळ ओढावे.